मल्हारीमामांचं पॅकिंग

कासुर्डीचे मल्हारीमामा उभा जन्म लोकांच्या लग्नात वाजवत आले, आणि लोकांनी त्यांचं वाजवणं काही ऐकलं नाही. आता लग्नात कोण ऐकतं म्हणा! ज्याला त्याला नाचायचं असतं, रुसायचं असतं, नाहीतर पहिली पंगत गाठायची असते.

मामांचं घर मूळचं मेंढरांमागचं. पोरवयात रानोमाळ फिरताना हातात बासरी असायची. पुढे मेंढरं विकली, शेती धरली, पण फुंकायची सवय काही सुटली नाही. मग दौंडच्या एका ब्रास बँडमध्ये हाती क्लॅरिनेट आलं आणि मामा त्याचेच झाले. सिनेमातलं कुठलंही गाणं दोनदा कानावर पडलं की ते जसंच्या तसं वाजवायचे. त्यावरून एका सोयऱ्याने भर मांडवात टोमणा मारला होता, "मल्हारी, तू नुसता टेपरेकॉर्डर हायेस. ह्यात तुजं सोताचं काय?" सगळे हसले, मामाही हसले. पण ते बोलणं कुसळासारखं आत रुतून बसलं. सोयऱ्याच्या जिभेला हाड नव्हतं हे खरं, पण टोमणा खोटा आहे असंही मामांना म्हणवेना.

आणि आता दात हलायला लागले. क्लॅरिनेट वरच्या दातांवर टेकवून वाजवतात, आणि हलत होते नेमके तेच. दौंडच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काढावेच लागतील. बँडमालक महेंद्रने दाताच्या कण्या केल्या, तेव्हा कुठे मामांनी तळेगाव ढमढेऱ्याची एक शेवटची सुपारी घेतली.

लेक अंकिता शिरूरला दिलेली. तिथल्याच एका स्टुडिओत ती लग्नांचे व्हिडिओ एडिट करते. आबांचं वाजवणं दातांबरोबर जाऊ नये म्हणून ती मुद्दाम तळेगावला आली. नवरदेव मारुतीच्या दर्शनाला निघाला, तिथपासून थेट मांडवापर्यंत ती मोबाइल धरून आबांच्या पुढे उलट्या पावलांनी चालली.

अशा मिरवणुकीत एक तमाशा ठरलेला असतो. गाणं संपलं रे संपलं की पुढच्या गाण्यावरून भांडण. नवरदेवाच्या चुलत्याला जुनं हवं, पोरांना कालपरवाचं. तोवर बँड गप्प राहिला तर घोडं थांबतं, घोड्यामागे मिरवणूक थांबते, आणि मुहूर्ताची बोंब होते. म्हणून महेंद्र ओरडतो, "मामा, पॅकिंग टाका!" चौकटीत फट राहिली की सुतार लाकडाची पाचर ठोकतो ना, त्यातलाच प्रकार. मामा काहीतरी फुंकत राहतात. काय फुंकतात, ते भांडणाऱ्यांना ऐकू येत नाही, आणि मामांनीही कधी त्याचा विचार केला नव्हता.

पुढच्या रविवारी अंकिता माहेरी आली ती तोंड पाडूनच.

"आबा, नेटवर व्हिडिओ टाकला आन् लगीच बंद झाला. क्लेम आलेत. गाण्यांच्या कंपन्या म्हणत्यात, गाणी आमच्या मालकीची हायेत."

अंकिताच्या आई सखूबाई भाकरी थापता थापता थांबल्या. "अगं बया! म्हंजी चोरीचा आळ आला की ह्यांच्यावर! पोलीस येत्याल का गं?"

"न्हाई गं आई. मशीन असतंय त्ये. त्याला गाण्यांची समदी मालकी ठावं. व्हिडिओ टाकला की त्ये ऐकतंय, आन् कुठलं गाणं कुणाचं त्ये सांगतंय."

"ऐकतंय?" मामा पुढे सरकले. "ताशाच्या दणक्यात? फटाक्यांत?"

अंकिताने मोबाइल पुढे धरला. व्हिडिओच्या खाली एक लांब पट्टी होती आणि तिचे तुकडे रंगवलेले होते. प्रत्येक तुकड्यावर गाण्याचं नाव, मालकाचं नाव. मामा बोट ठेवून एकेक वाचत गेले.

"हितं माझा दात ठणकत हुता, सूर पार उतरला हुता. आन् ह्याचं दुसरं कडवं मला आठवंना, म्हून मी पयलंच दोनदा वाजावलं. तरी वळखलं?"

"व्हय आबा. एक गाणं चुकलं न्हाई."

मामांनी मोबाइललाच हात जोडले. आळ घेणाऱ्याला कुणी हात जोडल्याचं सखूबाईंनी कधी पाहिलं नव्हतं, त्या बघतच राहिल्या.

"अंके, एवढा कान दिऊन मला आजवर कुणीच ऐकलं न्हाई गं," मामा म्हणाले.

"पर आता करायचं काय? त्यांची गाणी तेवढी मुकी केली तर व्हिडिओ चालू देत्यात."

"मग कर मुकी. ज्याचं त्याला दिऊन टाकावं." मामा बोलून तर गेले, पण ते जुनं कुसळ पुन्हा सललं. ज्याचं त्याला दिल्यावर आपलं काय राहणार, या विचाराने त्यांना खाली बघवेना की वर बघवेना.

अंकिताने गाणी मुकी केली आणि व्हिडिओ लावला. माणसं आवाजाविना नाचायला लागली. नवरदेवाचा चुलता हातवारे करून भांडायला पुढे आला. आणि तिथे एकाएकी क्लॅरिनेट वाजलं.

मामा दचकले. "ह्ये कसं ऱ्हायलं?"

"ह्या तुकड्यावर रंगच न्हाई आबा. मशीनला ह्ये कुणाचंच गावलं न्हाई."

"आगं, पॅकिंग हाय त्ये!"

पुन्हा मुकं नाचणं. पुन्हा भांडण, पुन्हा क्लॅरिनेट. अंकिताचा कान एडिटिंगला सरावलेला. तिने व्हिडिओ थांबवला, मागे नेला, पुन्हा ऐकलं. मग तिने मुके भाग कापले आणि उरलेले तुकडे एकापुढे एक जोडले.

कुठेही सांधा नव्हता. मारुतीच्या पारापाशी सुटलेला सूर वेशीजवळ तिथूनच उचललेला, वेशीजवळचा मांडवाच्या दारात. एवढ्या गलक्यात मामा एकच गाणं पुढे नेत राहिले होते. सखूबाईंनी पिठाचे हात तसेच मांडीवर ठेवले. हा सूर त्यांनी लग्न होऊन आल्या वर्षी ऐकला होता, संध्याकाळी मेंढरं वाड्याकडे वळवताना नवरा बासरीवर वाजवायचा तेव्हा. मामा मात्र दुसऱ्या कुणाचं तरी ऐकावं तसे थक्क होऊन ऐकत होते.

"ह्ये मी कवा केलं गं?" ते पुटपुटले.

अंकिताने तेवढंच गाणं नेटवर चढवलं. नाव काय द्यायचं यावर मामांनी फार विचार केला नाही. 'पॅकिंग'. त्यावर कुणाचाही क्लेम आला नाही.

मंगळवारी दौंडला दात निघाले. मामा तोंडात कापसाचे बोळे घेऊन बाहेर आले, तर बाकावर सखूबाई मोबाइल लावून बसलेल्या आणि शेजारची बाई ठणकता गाल धरून ऐकत होती.

"छान हाय हो. कुठल्या पिक्चरचं?" तिने विचारलं.

सखूबाई तोंड उघडणार, तोच मामांनी हाताने त्यांना थांबवलं. त्यांना स्वतःला तर बोलता येत नव्हतं. त्यांनी मान हलवून 'नाही' म्हटलं आणि आपल्या छातीवर हात ठेवला.