म्हाताऱ्या उंदरांचं जेवण

मी म्हाताऱ्या उंदरांचं खाद्य पाण्यात भिजवून घातलं. एक-दोनदा नाही, महिनोन्महिने. भिजवू नये, असं प्राणीगृहाच्या दारावर स्पष्ट लिहिलेलं होतं. तो कागद मीच चिकटवला होता.

आमच्या प्रयोगशाळेचं काम सांगायला सोपं. दात हाडाला चिकटवलेला नसतो. बाज सुंभानं विणावी तसा तो बारीक धाग्यांनी हाडाच्या खोबणीत ताणून धरलेला असतो. उंदराच्या जबड्याची पातळ चकती कापायची, यंत्रात ठेवून दाढ हळूहळू दाबायची आणि धागे किती जोरानं तुटतात ते बघायचं. तरुणांचे किती, म्हाताऱ्यांचे किती. एवढ्यावर मला पीएचडी मिळणार होती. अडचण एकच, उंदराला म्हातारं व्हायची घाई नसते.

म्हणून मी संभाजीनगर सोडत नव्हतो. माझं गाव लासूर स्टेशनजवळ, रेल्वेनं तासाभराच्या आत. पण उंदरांचं खाणंपिणं माझ्याकडं. आण्णांचा, म्हणजे वडिलांचा, फोन आला की मी म्हणायचो, "उंदीर सोडून कसं येऊ?"

"ऊस लई गोड झालाय औंदा," ते म्हणायचे. आणि फोन ठेवायचे.

ऊस म्हटलं की मला बांधावर बसलेले आण्णा दिसायचे. त्यांना कोयता लागायचा नाही. कांडं तोंडात आडवं धरून दातानं साल सर्रकन ओढायचे आणि पांढरा गर मोडून आधी मला द्यायचे. त्या गराला त्यांच्या तंबाखूचा थोडा वास असायचा. शहरातल्या रसवंतीत मी तो वास शोधायचो, आणि सापडला नाही की आणखी एक ग्लास मागवायचो.

मग एकदा व्हिडिओ कॉलवर आण्णा जेवताना दिसले. भाकरी दुधात कुस्करलेली. "दात हलतेत जरा," म्हणाले आणि फोन आईकडं दिला. त्या संध्याकाळी प्राणीगृहात एक म्हातारा उंदीर खाद्याची कडक कांडी दोन्ही पंजांत धरून नुसताच बसला होता. मला राहवलं नाही. मी पाण्याचा मग आणला.

पुढं यंत्रानं म्हाताऱ्या दाढांचे आकडे दाखवले तेव्हा मी नाचायचाच बाकी होतो. धागे कुजक्या दोऱ्यासारखे सुटत होते. "मॅडम, बघा, वय काय करतं!"

माझ्या मार्गदर्शक मॅडमना ते जरा जास्तच वाटलं. त्या तडक प्राणीगृहात गेल्या आणि खाद्याच्या वाटीत बोट घालून म्हणाल्या, "हा लगदा कुणी केला?"

"त्यांना चावत नव्हतं, मॅडम."

"तुझ्याकडे तक्रार घेऊन आले होते का? अरे, चावणं बंद झालं की तरुणाचेही धागे ढिले पडतात. आता हे वयानं झालं की तुझ्या लाडानं, कसं ओळखायचं?"

सगळे उंदीर बाद. "नवे येईपर्यंत घरी जा," त्या म्हणाल्या. "इथं राहिलास तर चमच्यानं भरवशील."

वाईट वाटायला हवं होतं. मी मात्र गाडीत खिडकीशी बसून गुणगुणत होतो. स्टेशनवरून येताना उसाच्या ट्रॅक्टरवाल्याकडून एक ऊस मागून घेतला. आण्णा दारातच बसले होते. मी ऊस पुढं केला, ते हसले, आणि माझा हात तसाच राहिला. समोरचा एकही दात नव्हता. गाल आत गेलेले, चेहरा कुणा दुसऱ्याचा, हसू तेवढं ओळखीचं. त्या कॉलनंतर त्यांनी व्हिडिओ कधी लावलाच नव्हता. नेट येत नाही म्हणायचे, आणि मला ते पटायचं.

"आण्णा, काढलेत तर कळवायचं तरी!"

त्यांनी ऊस हातात घेतला, कांड्यांवरून अंगठा फिरवला आणि मला परत दिला.

"कळवून काय करायचं व्हतं? तू आला असता व्हय? उंदराच्या दातांतून तुला सवड नाय, अन् म्हणं बापाला दात का नाय!"