मावसाजी घर बघतात

जबलपूरच्या भोवतालची जितकी घरं आमच्या मावसाजींनी नापास केली, तितकी त्या मुलखात कुणी बांधलीही नसतील. हे मी रागानं लिहीत नाही. रागानं लिहायचा मला पुरेपूर हक्क आहे, कारण दर रविवारी त्यांना कॅरिअरवर बसवून सायकल हाणणारा गडी मीच होतो. बरेल्याच्या रस्त्याला चढ लागला, माझा ऊर फुटायची वेळ आली, की मागून प्रेमळ आवाज यायचा, "काहून रे, दमला का? मी उतरू का?" आणि ते उतरायचे नाहीत.

मावसाजी म्हणजे माझ्या थोरल्या मावशीचे यजमान. तोफगाड्यांच्या कारखान्यात ओतीव भाग तपासायचं त्यांचं काम. हातात लहानशी हातोडी, कोटाच्या खिशात खडू. भागावर ठक् करायचं, मान वाकडी करून ऐकायचं. खणखणीत वाजला तर पास, बद्द वाजला तर खडूची फुली. उभा जन्म हे केल्यावर माणसाचं जे व्हायचं ते झालं होतं. घरी आणलेला माठ ते वाजवत, नारळ वाजवत, टरबूज वाजवत, आणि आवाज पसंत पडला नाही तर त्यावर फुली मारून मोकळे होत. मारली हे त्यांना कळतही नसे. माझ्यासाठी मुलगी बघायला गेलो, तेव्हा पोहे येईपर्यंत ह्यांनी त्या घरचा पितळी तांब्या बोटानं वाजवला आणि भर बैठकीत म्हणाले, "अच्छा आहे. होकार देऊन टाका." त्याच घरची मुलगी आज माझी बायको आहे, म्हणून ह्या विषयावर मी फार बोलत नाही.

घर बघण्याचं हे खूळ उगाच नव्हतं. मावसाजी-मावशींना मूलबाळ नाही, आणि जन्म गेला कारखान्याच्या क्वार्टरमध्ये. निवृत्त झालं की क्वार्टर सोडायचं हे ठरलेलं. मग जायचं कुठं? दीक्षितपुऱ्यात आमची जागा आम्हालाच पुरत नव्हती. शहरात घर घेणं झेपणारं नव्हतं, खेड्यात जमलं असतं. मावसाजी मला एकदा सायकलवर मागून म्हणाले, आणि चेहरा दिसत नव्हता म्हणूनच म्हणाले असतील, "माझं काय रे, मी कुठंही पडून राहीन. पण मी आधी गेलो तर हिनं कुठं राहावं? एकटीला राहता येईल असं घर पाहिजे." मग मी आणखी दोन महिने मुकाट्यानं पॅडल मारले.

त्यात लढाईची वर्षं. कारखाना दिवसरात्र चाललेला, खिडक्यांना काळे कागद, सुट्ट्या रद्द. निवृत्ती जवळ आली की लढाई लागायची आणि ह्यांना मुदतवाढ मिळायची. त्यामुळं घर लगेच हवं आहे की कधीच नको आहे, हे आम्हा कुणालाच नक्की कळत नव्हतं. मावसाजींना तर मुळीच नाही. विचारलं तर म्हणत, "बघून राहिलो ना!"

ते बघणं म्हणजे सल्ल्यांचा नुसता काला. पाळीवरचा एक जण म्हणाला, खेड्यातलं घर भर उन्हाळ्यात, जेठात बघा, विहिरीला पाणी किती उरतं ते कळतं. दुसरा म्हणाला, छे छे, भर पावसाळ्यात बघा, त्या काळ्या मातीत रस्ता उरतो का ते आधी पाहा. तिसऱ्यानं सांगितलं, घर मरू द्या, पटवाऱ्याकडं जा, विकणाऱ्याला भाऊ किती ते विचारा. चौथा म्हणाला, दारापर्यंतची वाट कुणाच्या शेतातून जाते? त्यानं उद्या बांध घातला तर काय उडत जाणार? सगळंच खरं होतं, म्हणूनच घोटाळा होता. मावसाजींनी ठरवलं, प्रत्येक घर प्रत्येक ऋतूत बघायचं. पुढं कुठलं घर कुठल्या ऋतूत पाहिलं ह्याचीच गल्लत होऊ लागली. एका कोरड्या ठणठणीत विहिरीत वाकून "हिला पाणी भरपूर आहे, मागे पाहिलंय मी" असं ते मला ठासून सांगत होते. ती विहीर दुसऱ्याच गावची होती. खेड्यात दिवे नाहीत ही अडचण मी काढली, तर म्हणाले, "उलट सोय आहे. जन्मजात ब्लॅकआउट!"

आणि भिंती! मातीची भिंत हातोडीनं कधी खणखणेल का? मावसाजी ठोकत, ऐकत, मान हलवत, आणि पुढं चलो. घरमालक बिचारा हात जोडून उभा. शंभर वर्षं उभी असलेली भिंत आवाजावरून नापास होताना मी डोळ्यांनी पाहिली आहे.

मग ते फुल्यांचं प्रकरण झालं. हिवाळा होता, लढाई पेटलेली, रस्त्यानं फौजेच्या गाड्या जात होत्या. बरेल्याच्या अलीकडच्या एका खेड्यात पटेलाचं बंद घर विकायचं आहे असं कळलं. गावात जाऊन "पटेल का मकान" म्हणून विचारलं, तर अर्धं गाव पटेल. मावसाजी म्हणाले, मग पहिल्यापासून सुरू करू. खाकी कोट घातलेला हा उंच माणूस एकेका घरापाशी थांबतोय, भिंत ठोकतोय, ऐकतोय, आणि चौकटीवर पांढरी फुली ओढून काही न बोलता पुढं जातोय, हे सगळं गाव श्वास रोखून बघत होतं. मला त्यात वावगं काही दिसलं नाही. घरच्या माठावर फुली बघायची सवय झालेली! खरं विकाऊ घर गाठण्याआधीच पाळीची वेळ झाली आणि आम्ही ते न बघताच परतलो.

चार-पाच दिवसांनी त्याच गावचा, पण त्या रविवारी शहरात दूध घालत फिरणारा दूधवाला क्वार्टरवर आला तो घाबराघुबरा. "बाबूजी, हमारा गाँव फौज ले रही है! साहब आए थे, निशान लगा गए." मावसाजी माझ्याकडं वळून विजयानं म्हणाले, "बघ! बरं झालं, घेतलं नाही ते." एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. त्यांनी ती बातमी कारखान्यात सांगितली. संध्याकाळी ती परत आली तेव्हा त्या गावात विमानं उतरणार होती. मीही मान डोलावली, काय सांगू! संध्याकाळच्या दुधाला दूधवाला पुन्हा आला, तेव्हा मावशी तेवढी शांतपणे त्याला म्हणाली, "निशान कैसा था, भैया?" त्यानं ओल्या बोटानं फरशीवर फुली काढली. मावशीनं फुलीकडं बघितलं, कोपऱ्यातल्या माठाकडं बघितलं, मग नवऱ्याकडं बघितलं. "अहो," ती म्हणाली, "तुम्ही करून काय राहिले तिकडे?"

दुसऱ्या रविवारी टांगा करून तिघं गेलो. इतक्या घरांच्या वाऱ्या झाल्या, पण मावशीला सोबत न्यावं असं तोवर आम्हा दोघा शहाण्यांपैकी एकालाही सुचलं नव्हतं. ओलं फडकं घेऊन ती दारोदार गेली आणि फुल्या पुसत गेली. मागून मावसाजी प्रत्येकापुढं हात जोडत होते. शेवटच्या घरी एक तरणी बाई आणि तिची आंधळी सासू. अंगणात गाठोडी बांधून तयार, बाई रडून रडून लाल. मावशी तिथंच फतकल मारून बसली. "तुम रडो मत, बाई. ये हमारे इनकी खोड है. माठ पे भी फुली मारते है," असं आपल्या त्या अजब हिंदीत सांगत तिनं स्वतः गाठोडी सोडायला घेतली. बाईला किती कळलं देव जाणे, पण ती हसली.

तेवढ्यात मावसाजींनी शेजारचं घर बघून घेतलं, कारण खरं विकाऊ घर नेमकं तेच निघालं. भिंती बद्द. विहीर लांब. वाट दुसऱ्याच्या शेतातून. विकणाऱ्याला तीन भाऊ, आणि एक भाऊ दुसऱ्याशी बोलत नाही. असं सगळ्या परीक्षांत एकजात नापास झालेलं घर त्यांना कधीच मिळालं नव्हतं. ते सांगायला ते आले, तर मावशी आणि ती बाई मध्ये मटाराच्या शेंगांचा ढीग घेऊन सोलत बसलेल्या. दोघी एकदम बोलत होत्या, एक मराठीत आणि एक बुंदेलीत, आणि सासू मधूनच दाद देत होती. घर कसं आहे हे विचारायचं मावशी साफ विसरली होती. मावसाजींनी कुडापाशीच हातोडी खिशात टाकली.

"हे घेऊन टाकू," ते मला म्हणाले.

"अहो, पण वाजलं का?"

"नाही वाजलं," म्हणाले, आणि भाऊ शोधायला गेले.

निवृत्तीनंतर ती दोघं तिथंच राहिली. वाटेवरून भांडण झालं, ते मावशीनं लोणचं पाठवून मिटवलं. मावसाजी मात्र सदा गोंधळलेले. कारखान्याचा भोंगा तिथवर पोचत नसे, त्यामुळं भूक लागली आहे की नाही हे त्यांना ठरवता येईना. आणि ज्या मावशीला एकटीला राहता यावं म्हणून त्यांनी अर्धा जिल्हा पालथा घातला, ती मावशीच त्यांच्या आधी गेली. हा हिशेब त्यांनी कधी धरलाच नव्हता. आम्ही हजारदा म्हटलं, दीक्षितपुऱ्यात चला. त्यांनी ऐकलं नाही, आणि मला फार राग आला होता, कारण मला त्यांची काळजी वाटत होती.

मागच्या हिवाळ्यात मी गेलो तेव्हा कारखान्यातलं एक तरुण जोडपं तिथं आलेलं होतं. त्यांना खेड्यात घर घ्यायचं होतं, आणि मावसाजी आता ह्या विषयातले जाणकार! त्यांनी सुरुवात झोकात केली. जेठात विहीर बघा, पावसाळ्यात वाट बघा, भाऊ मोजा. मध्येच अडखळले. आणखी एक महत्त्वाचं होतं, ते आठवेना. कपाळ चोळलं, आणि सहज दाराकडं तोंड करून मोठ्यानं म्हणाले, "अगं, ऐकलं का?"

मी खाली बघितलं. त्या पाहुण्या मुलीलाही कुणी सांगितलं असावं, तीही खाली बघू लागली.

तेवढ्यात कुडापलीकडून खणखणीत आवाज आला, "हओ दद्दा, आ रई!" शेजारची ती बाई पिठाच्या हातानंच आली आणि दारात उभी राहिली. तिच्या येण्यात जरासुद्धा आश्चर्य नव्हतं. अशी हाक रोजच येत असणार, आणि ती रोजच ओ देत असणार.

मावसाजींनी तिच्याकडं बघितलं. काहून हाक मारली ते त्यांना आठवेना. "कुछ नहीं, बेटा," म्हणाले. मग पाहुण्यांकडं वळले.

"हां, तेच सांगून राहिलो होतो. हाक मारून बघा. कुणी ओ दिली, तर घर घ्या."