कोपऱ्यातली बाटली

चिकपेटेतल्या एक अक्का दारू सोडलेल्या आईबापांना मुलं सांभाळायला शिकवत, तेही जमिनीवर रांगायला लावून. "स्वल्प खाली वाका, अण्णा. पोराला काय दिसतं ते बघा." मिशीवाले बाप लाजत रांगायचे. मी दारूबंदीची पत्रकं वाटणारा; मला हा पोरखेळ वाटे. गुत्ते बंद करा, मुलं आपोआप वाचतील!

एका शिंप्याची बायको मुलाला घेऊन माहेरी गेली होती. अक्कांनी घर बघून 'सरी', म्हणजे 'ठीक आहे', म्हटलं, तरच ती परतणार होती. पत्रकांची पिशवी घेऊन मीही अक्कांबरोबर शिंप्याच्या घरी गेलो. घर लख्ख होतं. अक्का स्वतः रांगत कोपऱ्यात पोचल्या. तिथे दारूच्या जुन्या बाटलीत रॉकेल होतं.

"दिवाळीपासून थेंब घेतला नाही, अक्का," शिंपी म्हणाला.

"तुम्ही सोडलीत. पण ही बाटली तोंडाला लावायची असते, हे पोरानं तुमच्याकडेच बघितलंय."

 शिंप्यानं रॉकेल पत्र्याच्या डब्यात ओतलं आणि डबा उंच फळीवर ठेवला.

"सरी," अक्का म्हणाल्या. रिकामी बाटली त्यांनी माझ्या पत्रकांच्या पिशवीत कोंबली. "ही तू ने. घरात नको."

अक्का आणि शिंपी मायलेकांना आणायला निघाले. पिशवीतून डोकावणारी दारूची बाटली मिरवत मी भरबाजारातून घरी आलो.