पखवाजाची कणीक

आई खुर्चीच्या अगदी कडेला बसली होती. शहरातलं थंडगार नाट्यगृह, मंचावर गिटार, कीबोर्ड, ड्रमसेट आणि मधोमध एक पखवाज. "आपल्याला कळंल का गं यातलं?" तिनं पुन्हा विचारलं. घरातली पहिली पदवीधर मी. माझ्या जगात तिला परकं वाटू नये, एवढीच माझी धडपड होती.

गिटारवाला वायर जोडत होता. शेजारी बसलेल्या पखवाजवादकानं डब्यातून भिजवलेल्या कणकेचा गोळा काढला आणि पखवाजाच्या डाव्या तोंडावर थापला. त्यानं आवाज खोल होतो.

"अगं, कणीक!" आई पुढे झुकली. "ह्याला कुणी मळून दिली असंल?"

आमच्याकडे दर गुरुवारी पोळ्यांच्या कणकेतला एक गोळा बाबांच्या भजनातल्या पखवाजासाठी बाजूला निघायचा. भजन रंगलं की बाबा घरी येऊन आईला एवढंच म्हणायचे, "आज कणीक चांगली मळली होती."

वादन सुरू झालं. गिटारच्या सुरांखालून पखवाजाचा घुमारा येत होता आणि ड्रमवाला हात आवरून त्याला वाट देत होता. शिकता शिकता मी आईच्या स्वयंपाकघरापासून फार दूर आले, असं मला वाटायचं. आज या नव्या संगीतालाही तिथलंच काहीतरी लागत होतं, आणि मला फार बरं वाटलं.

टाळ्या झाल्या तेव्हा आई खुर्चीत मागे टेकून ऐसपैस बसली होती. मंचाकडे बघत ती हळूच म्हणाली, "आज कणीक चांगली मळली होती."