वेणूताईंचा हात

वेणूताई इंगळे घरात शिरल्या की आधी तान्ह्या मुलाच्या टाळूचा वास घेत. प्रश्न नंतर. धामणगाव बढेच्या आसपास लहान मुलांच्या अंगावर घरातल्या बिडीचा धूर किती जातो, हे तपासायला आम्हा दोघींना नेमलं होतं. मी नवखी, भित्री. वेणूताई तोंडानं फटकळ, हातानंही. 'आमच्याइथं कोनी वढत नाही' म्हणणाऱ्या एकाच्या खिशातलं बंडल काढून त्यांनी त्याच्यासमोरच पायाखाली रगडलं होतं. मला म्हणायच्या, "मानसाले इचारू नको बाई, लेकराले हुंग."

थंडीत एका घरी गेलो. दार लावून बाळंतिणीच्या खाटेखाली शेगडी ठेवलेली. म्हातारा सासरा त्याच निखाऱ्यावर बिडी पेटवून ऊब घेत तिथंच ओढत बसलेला. बाळाच्या फासळ्या श्वासागणिक आत जात होत्या. पदर ओढून सून बाळाला थोपटत होती.

"आबा, बाहीर वढा. लेकरू गुदमरून राह्यलं."

"माह्या घरात मी कुठं बसू, थे तू सांगशीन काय वं?"

वेणूताईंनी त्याच्या ओठातली बिडी हिसकून शेगडीत टाकली. तेवढ्यात त्याचा मुलगा काठी घेऊन आत आला. पहिला फटका वेणूताईंच्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. दुसऱ्यानं कपाळ फुटलं. डोळ्यात रक्त उतरलं तरी वेणूताईंनी त्याच्या दंडाला दात रोवले ते सोडलेच नाहीत. मी भिंतीला चिकटून उभी होते. मला त्यांचा अभिमान वाटत होता आणि भयंकर भीतीही.

तिसरा फटका सुनेच्या पाठीवर बसला, कारण ती बाळाला पोटाशी धरून मधे आली होती. तशीच अनवाणी ती आमच्याबरोबर निघाली.

दवाखान्यात बाळाचा श्वास हळूहळू संथ झाला. वेणूताईंचा हात मात्र मरेपर्यंत वाकडाच राहिला. त्याच संध्याकाळी हवालदार जबाब घ्यायला आला. म्हातारा दारात येऊन उभा होता.

"कोणी मारलं? पूर्ण नाव सांगा."

सुनेची मान खाली गेली. त्यांच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, सासऱ्याचं तर नाहीच. शेजारच्या खाटेवरून वेणूताई म्हणाल्या, "लेकरू वाचलं नं तुहं? मंग घे नाव."

तिनं म्हाताऱ्याकडं बघत नवऱ्याचं नाव घेतलं, पाठोपाठ सासऱ्याचं, मग आडनाव.