उलटा चालवलेला प्रयोग

जुळे सोलापुरातल्या आमच्या इमारतीत वर राहणाऱ्या मॅडम कुठलीही गोष्ट दोनदा विचारतात. आधी "पाणी आलं का?", मग "टाकी भरली का?" माझी उत्तरं जुळतात का, ते बघतात. त्यांचं कामही तसलंच. अणूंच्या वागण्याची नक्कल करणारं क्वांटम यंत्र खरं सांगतंय का, हे त्या घरबसल्या तपासतात.

परवा मी त्यांच्याकडे असताना त्यांच्या ऑफिसच्या साहेबांचा फोन आला, स्पीकरवर. "उत्तर हवं तसंच आलंय. होकार द्या की."

"म्हणूनच शंका येतेय, सर. प्रयोग उलटा चालवू. यंत्र बरोबर असेल तर अणू सुरुवातीच्या स्थितीत परत यायला पाहिजेत."

त्यांनी लगेच लॅपटॉपवरून चालवून बघितला. अणू परत आले नाहीत, म्हणजे यंत्र चुकत होतं. सगळ्यांचं वर्षभराचं काम अडलं. मॅडमना इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं, आणि टाकीबद्दलची माझी उत्तरं आठवून मला जरा भीतीच वाटली.