सासूबाईंच्या कानाशी ट्रान्झिस्टर

मैत्रिणींनो, आज अकोल्याच्या दुकानात मी जिंकले!

मामंजी, सासूबाई आणि मी रेडिओ घ्यायला गेलो होतो. समोर दोन स्वस्तातले रेडिओ होते. मामंजींना बैठकीत चारचौघांना ऐकू जाईल असा विजेवरचा मोठा हवा होता. मी धीर करून म्हटलं, "छोटा ट्रान्झिस्टर घेऊ. सासूबाईंना कमी ऐकू येतं, त्यांना कानाशी धरता येईल."

"तिले काय करायचा रेडिओ?" मामंजी म्हणाले.

मी ट्रान्झिस्टर लावायला सांगितला आणि सरळ सासूबाईंच्या कानाशी नेला. भजन चालू होतं. त्या दचकल्या, मग भर दुकानात ओरडल्या, "अवो, मले शब्द न् शब्द ऐकू येऊन राह्यला!"

मामंजी दुकानदाराला म्हणाले, "हाच बांधून द्या."

घरी परतताना मूर्तिजापूर येईपर्यंत सासूबाई गुणगुणत होत्या. लग्न झाल्यापासून मी त्यांना गाताना आज पहिल्यांदा ऐकलं.

तुमच्याकडे वस्तू घेताना घरातल्या बाईला कोणी विचारतं का?